मदत हवी आहे: एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर असताना स्टिम्युलसचे (कोरोनाकाळातल्या सरकारी मदतीचे) १२०० डॉलर आले, परत करावे लागतील का?

नमस्कार मंडळी,

ऑगस्ट २०१८ पासून अमेरिकेत एफ-१ वर आहे. मे २०२० मध्ये एमएस संपलं, आता ओपीटी (शिक्षणानंतरची कामाची परवानगी). एप्रिलमध्ये १२०० डॉलर थेट खात्यात जमा झाले. म्हटलं देव पावला, आणि मेचं भाडं त्यातूनच दिलं. मागाहून राष्ट्राध्यक्षांच्या सहीचं पत्रही आलं.

परवा एका सीनियरने विचारलं, "२०१९ चा टॅक्स कुठल्या फॉर्मवर भरलास?" मी आपला साधा १०४० (रहिवाशांचा फॉर्म), सगळे वापरतात त्या सॉफ्टवेअरवरून. त्याने कपाळाला हात लावला. म्हणे १०४०-एनआर (नॉनरेसिडेंटचा, म्हणजे टॅक्सपुरतं रहिवासी न धरलेल्यांचा) हवा होता. रूममेट म्हणतो, त्यांनी आपणहून पाठवलेत, कोण मागायला येतंय? पण उद्या एच-१बी व्हिसाच्या (नोकरीच्या) वेळी हे निघालं तर?

उत्पन्न फक्त इंटर्नशिपचं, पूर्ण १२०० मिळायच्या ७५,००० डॉलरच्या मर्यादेच्या खूप खाली. एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) आहे. शिवाय जादा आलेले पैसे परत घेत नाहीत असंही वाचलं. नक्की काय?

प्रतिसाद:
तुझी गल्लत होतेय. ही २०२० च्या टॅक्स क्रेडिटची (टॅक्समधून मिळणाऱ्या सवलतीची) आगाऊ उचल आहे. जुन्या उत्पन्नावर जास्त मिळाली आणि २०२० मध्ये पगार वाढला, तर फरक मागत नाहीत. तू वाचलंस ते हे. नॉनरेसिडेंटला मात्र मुळात हक्कच नाही, मग उत्पन्न कितीही कमी असो. एफ-१ ची पहिली पाच कॅलेंडर वर्षं मुक्कामाचे दिवस मोजतच नाहीत, आणि २०१८ चे तुझे चार-पाच महिनेही एक वर्ष धरतात. म्हणजे २०२० मध्ये तू नॉनरेसिडेंटच.

'यू.एस. ट्रेझरी'च्या नावे चेक लिही, त्यावर '२०२० ईआयपी' (ईआयपी म्हणजे हीच मदत) आणि एसएसएन टाक, सोबत कारणाची छोटी चिठ्ठी. पत्ता राज्यागणिक वेगळा, आयआरएसच्या (टॅक्स खात्याच्या) साइटवर मिळेल. शिवाय १०४०-एक्स (भरलेलं रिटर्न दुरुस्त करायचा फॉर्म), त्याला दुरुस्त १०४०-एनआर जोडून, पोस्टाने. स्टँडर्ड डिडक्शनची (उत्पन्नातून मिळणाऱ्या ठरावीक वजावटीची) काळजी नको. भारत-अमेरिका टॅक्स करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना २०१९ साठी ते १२,२०० डॉलर मिळतात (बाकी बहुतेक देशांच्या पोरांना नाही). एज्युकेशन क्रेडिट (फीवरची टॅक्स सवलत) घेतलं असशील तर ते जाईल.

धागाकर्ता:
लाइफटाइम लर्निंग (त्यातलंच एक क्रेडिट) घेतलंय हो दादा! त्यानेच टॅक्स शून्यावर आला होता. म्हणजे १२०० वर भागत नाही. दोन्हींचा मिळून एकच चेक चालेल का?

प्रतिसाद:
नको. तो २०१९ चा टॅक्स, हे २०२० चं. वेगळे चेक, वेगळी पाकिटं. आणि दोन्हींच्या झेरॉक्स जपून ठेव.