मदत हवी आहे: वय वाढल्याचे खरेखुरे फायदे कोणते?

पुढच्या रविवारी मला दहा मिनिटं बोलायचंय, विषय 'म्हातारं होण्याचे फायदे', समोर निम्मे पंचविशीतले आणि निम्मे साठी ओलांडलेले, त्यामुळे गोडगोड बोलले तर दोन्हीकडून हसतील. मी स्वतः ५२ ची.

आत्तापर्यंत जमवलेलं असं: शब्दसंग्रह साठीपर्यंत वाढत राहतो (नवीन गोष्ट झटकन पकडणं मात्र तरुणपणीच, ते कबूल), मायग्रेनवाल्यांचा त्रास बऱ्याचदा पन्नाशीनंतर कमी होतो, आणि स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टन्सन म्हणतात की हाताशी वेळ कमी उरलाय हे जाणवलं की माणूस मोजक्या जवळच्या लोकांत रमायला लागतो. सगळं बरोबर आहे पण बोलताना पुस्तक वाचून दाखवल्यासारखं वाटतं हो.

माझ्याकडे स्वतःचं एकच उदाहरण आहे, अगदी चाळिशीतसुद्धा कुणी मेसेज वाचून उत्तर दिलं नाही की मी रात्री त्या दोन निळ्या टिकांकडे बघत बसायचे, माझं काय चुकलं म्हणून, आता फोन पालथा ठेवते आणि झोपते. बास, एवढंच. (डोक्यावरचा चष्मा घरभर शोधण्यात जातो तो वेळ वेगळा.)

'अनुभव येतो', 'शहाणपण येतं' हे नको प्लीज, पेन्शन आणि सवलतीही नको, गुडघे कुरकुरतात ते मी आधीच सांगून टाकणारे. तर पन्नाशीपुढच्या मंडळींनो, तिशीत जमत नव्हतं आणि आता सहज जमतं असं एखादं छोटंसं, रोजचं काय आहे तुमच्याकडे?