घूं विजेची नव्हे, केबलची
ऑडिओ सिस्टिमला महागडा पॉवर कंडिशनर (येणारी वीज गाळून देणारं यंत्र) लावला की स्पीकरमधली गुणगुण जाते, असं म्हणतात; हे सरसकट पटत नाही. आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या घरी अँपमधून (अँप्लिफायरमधून) सतत ५० हर्ट्झची घूं यायची. वीज बिघडवतात म्हणून मी उगाच जवळच्या अंबडच्या कारखान्यांना बोल लावत होतो. एकदा सेट-टॉप बॉक्सची केबल उपसली आणि सगळं गप्प! अँपचं अर्थिंग घरातलं, केबलचं बाहेरचं, त्यातून ग्राउंड लूप, म्हणजे दोन अर्थिंगमधून फिरणारा नको असलेला प्रवाह. केबलवर आयसोलेटर (सिग्नल जाऊ देणारा, पण अर्थिंगचा दुवा तोडणारा भाग) बसवला, काम झालं. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कापू नका, जिवाशी खेळ आहे.

कंपनांनी आवाज बिघडतो, हा मुद्दा मात्र मान्य. टर्नटेबलखाली (रेकॉर्ड वाजवायच्या यंत्राखाली) मी कडप्पा, त्याखाली सायकलची अर्धवट फुगवलेली ट्यूब ठेवलीय. दिसतं गबाळं (बायकोचं मत विचारू नका), पण कुणी धपधप चाललं की सुई उडायची, ती आता उडत नाही.