त्रेपन्न सांगितलं की लेक ३५ लिहिते, काय करू?

शिवणवाली आई, विटा:
नमस्कार. माझी मुलगी दुसरीत आहे, मराठी शाळेत. कविता तोंडपाठ, १ ते १०० खडाखडा म्हणते. पण अंक सांगून लिहायला लावले की सगळं उलटं. त्रेपन्न म्हटलं की ३५, अठ्ठेचाळीस म्हटलं की ८४. एकोणचाळीसला तर दर वेळी ४९. परवा वहीत बाईंनी लाल शाईनं ‘घरी अभ्यास घ्या’ लिहून पाठवलं. मी घेतेच आहे हो. संध्याकाळी मशीन बंद करून रोज तासभर तिच्याजवळ बसते. हे वडापची प्रवासी गाडी चालवतात, रात्री दमून येतात. काल त्यांचा आवाज चढला, तेव्हापासून गणिताची वही काढली की पोरीचा चेहरा पडतो. जाऊबाई म्हणतात क्लास लाव, महिना ६०० रुपये. मी दहावीपर्यंत शिकले, गणितात कच्चीच होते. माझंच तिच्यात उतरलंय का? कुणीतरी मार्ग सांगा.

दोन मुलांचा बाबा, तासगाव:
ताई, आमच्या थोरल्याचंही हेच होतं. मी रोज १ ते १०० लिहून घ्यायचो. वर्षभरानं लक्षात आलं की तो आधी वरून खाली दोन, दोन, दोन असा रकाना भरतो आणि मग शेजारी ० ते ९. पान सुंदर दिसायचं, पण एकही संख्या तो मनात म्हणत नव्हता. ते तेवढं करू नका.

एक वाचक, पुणे:
अजून वेळ गेलेली नाही, सेमी किंवा इंग्रजीत घाला. ट्वेंटी वन ऐकलं की २१, सरळ हिशेब.

निवृत्त गुरुजी, जत तालुका:
ताई, तुमची लेक नीट ऐकते म्हणून चुकते. त्रेपन्न या शब्दात ‘त्रे’ म्हणजे तीन आधी येतो आणि पन्नास मागून. कानाला तीन आधी लागले, हातानं तीन आधी लिहिले. अठ्ठेचाळीसमध्येही आठ आधी. यात तुमचं काही उतरलेलं नाही, हे आधी मनातून काढून टाका.

माझी बरीच नोकरी सीमेवरच्या गावांत झाली. वर्गातल्या निम्म्या पोरांची घरची भाषा कानडी. कानडीत एकवीसला इप्पत्तोंदु म्हणतात, म्हणजे आधी वीस, मग एक. ती पोरं मनात कानडी म्हणायची आणि २१ बरोबर लिहायची. मराठीत अंक घातले की तीच पोरं १२ लिहायची. पोर तेच, डोकं तेच. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन आलं. केवढा गदारोळ झाला, विधिमंडळातही गाजलं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. त्यांची तळमळ मला पटली होती, कारण जोडाक्षरी संख्यानामांपाशी अडखळणारी पोरं मी रोज बघत होतो. आपली एकवीस, त्रेपन्न ही नावं मला प्राणप्रिय आहेत, ती मुलांना यायलाच हवीत. पण सुरुवातीला ‘पन्नास तीन’ म्हणजे त्रेपन्न असं दोन्ही म्हटलं तर बिघडत काहीच नाही.

पुणेकर ताई-दादा, माध्यम बदलून हे सुटत नाही. इंग्रजीतही थर्टीन, फोर्टीनमध्ये सुटे आधीच येतात.

आता उपाय. वडापच्या पैशांत दहाच्या नोटा आणि सुटी नाणी असणारच. रात्री लेकीच्या बाबांनी ती चटईवर तिच्यासमोर ठेवावीत. तुम्ही म्हणा, ‘त्रेपन्न रुपये दे.’ नोटा तिच्या डाव्या हाताला, नाणी उजव्या. पाच नोटा आणि तीन नाणी मांडून झाल्यावरच तिनं पाटीवर लिहायचं, आधी नोटांचा आकडा, मग नाण्यांचा. कानावरून थेट हाताकडे जायचंच नाही, मध्ये पैसे पाहिजेत.

एकोणचाळीस जरा निराळं आहे. तिला ‘चाळीस’ ऐकू येतं म्हणून ती ४ लिहिते. चार नोटा मांडा आणि म्हणा, यातला एक रुपया मला दे. ती अडेल. अडू द्या, लगेच सांगू नका. एक नोट मोडून दहा नाणी घ्यावी लागतात हे तिचं तिलाच सुचलं पाहिजे. उरतात तीन नोटा, नऊ नाणी. एकोण म्हणजे एक कमी, हे तिला तिथं दिसेल.

आणि चुकलं की ‘चूक’ म्हणू नका. ‘काय लिहिलंस ते वाच’ म्हणा. ३५ ला ती पस्तीस म्हणेल आणि स्वतःच थांबेल. तास नको, पंधरा मिनिटं पुरे. क्लासचे पैसे तूर्त राहू द्या. बाईंनाही भेटा, कोणते अंक उलटतात ते कागदावर लिहून न्या. ‘अभ्यास घ्या’ एवढ्यावर आईनं काय करायचं? तिसरीतही हे असंच राहिलं, वाचनही अडखळत असलं, तर मात्र जाणकाराला दाखवायला उशीर करू नका.

शिवणवाली आई, विटा:
गुरुजी, बारा दिवस झाले. तुमचा निरोप ह्यांना वाचून दाखवला, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पेट्रोलपंपावरून मुद्दाम रुपयाची नाणी घेऊन आले. आता जेवण झालं की लेकच चटई अंथरते. पहिल्या रात्री चाळीसमधून एक रुपया मागितला तर नोटेचा कोपरा धरून बसली, म्हणाली, ‘फाडू?’ ह्यांनी तिला जवळ घेतलं आणि म्हणाले, ‘फाडायची नाही बाळा, मोडायची.’ काल एकोणसाठला ६९ लिहिलं. वाच म्हटलं तर ‘एकोणसत्तर’ म्हणाली, आपणच पुसलं आणि ५९ केलं. त्रेपन्न, अठ्ठेचाळीस आता चुकत नाही. एकोणनव्वद अजून अडतं. शंभराच्या पुढे काय करू?

निवृत्त गुरुजी, जत तालुका:
हेच. शंभराची एक नोट तिच्या हातात द्या आणि बाबांकडून दहाच्या नोटांत मोडून आणायला सांगा. किती नोटा मागायच्या ते तिनं ठरवायचं.