मदत हवी आहे: मेटल डिटेक्टरला ६ इंची कॉइल घ्यावी का?

नमस्कार मंडळी. ऐरोलीत राहतो. गेल्या रविवारी सोसायटीच्या बागेत गवत उपटताना आईच्या बोटातली सोन्याची अंगठी पडली. बाबांनी लग्नात घातलेली. तेव्हापासून ती नीट जेवलेली नाही.

मित्राचा डिटेक्टर आणलाय. एकाच फ्रिक्वेन्सीचा, ११ इंची डीडी कॉइलचा (कॉइल म्हणजे जमिनीवरून फिरवायची खालची तबकडी; डीडीत इंग्रजी D आकाराची दोन वेटोळी एकमेकांवर थोडी चढलेली असतात). पण भराव मुरुमाचा, आणि त्यात बिल्डरने टाकलेली बांधकामाची तार, सळईचे तुकडे, खिळे. कॉइलखाली एका वेळी तीन-चार वस्तू येतात आणि आवाज नुसता फाटतो. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीतल्या खनिजांचा आवाज दाबणारी जुळणी, करून पाहिला, गुरगुर थोडी कमी झाली इतकंच. अंगठी वरच्या दोन-तीन इंचांतच असणार, म्हणून खोलीपेक्षा वस्तू वेगळ्या ओळखणारी लहान कॉइल बरी, असं मला वाटतं. ६ इंची डीडी घेऊ का? की कॉन्सेंट्रिक, म्हणजे एका गोल वेटोळ्यात दुसरं असलेली? मुरुमात लोहाचा अंश बराच, आणि अशा मातीत कॉन्सेंट्रिक जास्त गुरगुरते, म्हणून तिची भीती वाटते.

दुसरं टोनचं. लोखंडाचा जाड आवाज आणि तांब्या-चांदीचा बारीक आवाज आता कळतो. सोनं मात्र मधल्या टोनमध्ये. ताईची तशीच अंगठी गवतावर ठेवून कॉइल फिरवली: आवाज गोल, दोन्ही बाजूंनी सारखा. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचा चुरगळलेला तुकडा ठेवला, तर टोन तोच! पडद्यावर धातूचा जो आकडा दिसतो, त्यात एक-दोनाचाच फरक. म्हणून डिस्क्रिमिनेशनमध्ये (नको त्या धातूंचा आवाज बंद करायची सोय) फॉइल, म्हणजे असली चंदेरी पन्नी, वगळायचं धाडस होत नाही, त्यासोबत अंगठीही गप्प व्हायची.

नुसत्या कानाने हा फरक ओळखणारं कुणी ठाणे-नवी मुंबईत आहे का? तासभर शेजारी उभं राहून शिकवलंत तरी फार उपकार होतील. माळी शनिवारी माती उलथणार आहे, त्याआधी शोधायचंय.