आडवी बाटली आधीच आहे की!

‘नागरिकांनी सह्या गोळा करून रस्ते-कचऱ्यासारख्या प्रश्नांवर थेट मतदान मागावं, ही कल्पना आपल्याकडे चालायची नाही’ असं काही जण म्हणतात, ते पटत नाही. दारूच्या दुकानापुरता का होईना, महाराष्ट्रात हा हक्क आहे. 25 मार्च 2008 च्या आदेशानुसार गावातल्या किंवा शहरातल्या वॉर्डातल्या 25 टक्के स्त्री मतदारांनी लेखी मागणी केली की उत्पादन शुल्क खातं सह्या पडताळतं आणि गुप्त मतदान होतं: उभी बाटली (दुकान राहू दे) की आडवी (दुकान बंद).

घोडं अडतं ते आकड्यांत. या आदेशाप्रमाणे बंदीला झालेल्या मतदानाच्या नाही, यादीतल्या एकूण स्त्री मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. म्हणजे घरी बसलेली प्रत्येक बाई दुकानाच्याच बाजूची! गावात हे जमून जातं. पण नागपुरात 2017 च्या रचनेत 151 नगरसेवक अन् प्रभाग फक्त 38. एवढ्या मोठ्या प्रभागात स्त्री मतदार 25 हजार धरल्या तर सव्वासहा हजार सह्या आणि साडेबारा हजारांवर मतं हवीत. मतदान 45 टक्के झालं तर सगळ्या जणी ‘आडवी’ म्हणाल्या तरी हरल्या. सह्यांमध्येही गळती असतेच: यादीत माहेरचं नाव, कागदावर सासरचं, किंवा आईच्या जागी पोरानं केलेली सही. म्हणून प्रत्येक सहीपुढे यादी भाग क्रमांक व अनुक्रमांक लिहून घ्यायचा, आणि 25 ऐवजी 35 टक्के गाठून मगच अर्ज द्यायचा. रस्ते-कचऱ्यासाठी असा कायदा मागणाऱ्यांनी एकूण यादीच्या निम्म्याहून जास्त मतांची ही अट तेवढी उचलू नये.