शब्दचर्चा : आवाजाची ‘आस’

मागच्या रविवारी इंदूरच्या विजयनगरला एका दुकानात मोठ्या स्पीकरांचा डेमो होता, आत्याला घेऊन गेलो. घ्यायचं काही नव्हतं, ऐकायचंच होतं. भिंतींना जाड पडदे, खाली गालिचा, मधोमध दोनच खुर्च्या. ऐकवणारा मुलगा सतार-तबल्याचं रेकॉर्डिंग लावून सारखा सांगत होता, सर डीके सुनिए, कितना क्लीन डीके है. डीके म्हणजे decay, आवाज विरत जाणं. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा आत्या हळूच मला म्हणाली, "हा आसेबद्दल बोलतोय ना रे?" आत्या रामबागेतली, चाळीस वर्षं सतार शिकवतेय, आणि मी एवढी वर्षं हे ऑडिओचे शब्द वाचतोय पण मला कधी सुचलंच नाही की याला आपल्या घरातच शब्द आहे.

तार छेडली की त्यानंतर जो सूर मागे राहतो आणि विरत विरत जातो ती आस. आत्याच्या शिकवण्यात हा शब्द रोजचा, "मिंडेच्या मध्यावरच आस संपतेय तुझी, आघात नीट दे" किंवा "या सतारीला आस चांगली आहे". मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, आसेवरच घेतात ना, तार एकदा छेडायची आणि ती वाजतेय तोवर ओढायची, आसच नसेल तर ओढून हाती काय लागणार!

आपल्याला आस म्हटलं की आधी ‘आस लागली’ आठवतं, ती आशेवरून आलेली. चाकाचा किंवा पृथ्वीचा आस वेगळा, तो पुल्लिंगी, अक्षावरून आलेला. ही नादाची आस आत्याकडे कायम स्त्रीलिंगीच. तर प्रश्न असा, डीके म्हणजे आसच म्हणायची का, आणि रिव्हर्ब (खोलीत आवाज घुमत राहणं), बूमी बेस (खालचे सूर नको तितके घुमणं) वगैरेंना काय म्हणता तुम्ही?

प्रतिसाद :
दादा, तबल्यातपण आसच. डग्ग्यावर, म्हणजे जोडीतल्या डाव्यावर, ‘घे’ वाजवून मनगट सरकवलं की येतो तो घुमारा, आणि त्यानंतर मागे उरते ती आस. ‘के’ला आस नाही, पंजा चामड्यावर टेकलेलाच राहतो. खुले बोल आणि बंद बोल हा सगळा फरक आसेचाच आहे. आपल्या इंदूरचे अमीर खाँसाहेब (१९१२–१९७४) अतिविलंबित झुमऱ्यात गायचे, १४ मात्रांचा ताल आणि दोन बोलांच्या मध्ये एवढी मोकळी जागा, तिथे डग्ग्याची आस आणि तानपुरा एवढंच उरतं कधी कधी. स्पीकर पारखायचा तर तिथे पारखावा असं माझं मत आहे, जोरात वाजणाऱ्या गाण्यावर नाही.

आणि बूमीला सरळ ‘घुमतोय’ म्हणा. डग्ग्याला घुमारा हवा, स्पीकरला स्वतःचा घुमारा नको. माझे मागे भोकवाले स्पीकर कोपऱ्यात भिंतीला चिकटून होते, वाजवणारा कोणीही असो डग्गा एकाच सुरात घुमायचा. भोकात पायमोजे कोंबले, स्पीकर दोन फूट पुढे ओढले, तेव्हा पहिल्यांदा कळलं की ती आस तबल्याची नव्हतीच, डब्याची आणि खोलीची होती.

प्रतिसाद :
‘झील’ का नको? शाहिरामागे झीलकरी सूर लांबवतात, तो शब्द जास्त लोकांना माहीत आहे.

प्रतिसाद :
ताई, झील दुसरा माणूस धरतो. आस त्याच आघाताची असते, बाहेरून कोणी धरत नाही.

रिव्हर्बला मात्र कृपा करून आस म्हणू नका. आस वाद्याची, घुमणं जागेचं. गाभाऱ्यात घंटा वाजली तर घंटेची आस वेगळी आणि गाभारा घुमतो तो वेगळा, कानाला दोन्ही एकत्र येतात म्हणून गोंधळ होतो. हे घुमणं मोजायची सुरुवात अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिनने केली, १८९५ पासून हार्वर्डच्या एका लेक्चर हॉलमध्ये, ऑर्गनची नळी वाजवायची आणि ऐकू येईनासं होईपर्यंत किती सेकंद जातात ते पाहायचं, मग खुर्च्यांवरच्या गाद्या आणून ठेवायच्या आणि परत मोजायचं. आज ६० डेसिबलने खाली यायला लागणारा वेळ धरतात, म्हणजे आवाजाची ऊर्जा दहा लाखाव्या भागावर येईपर्यंतचा. डेमोच्या खोलीत पडदे-गालिचे त्याचसाठी असतात, जास्त झाले की आवाज कोरडा लागतो. ‘कोरडा’ हा आपला अगदी जुना चालता शब्द आहे, ड्रायसाठी दुसरा शोधायला नको.

अजून एक, आस किती वेळ ऐकू येईल हे मागच्या खरखरीवर ठरतं. १९२५ च्या आधी मायक्रोफोनशिवाय भोंग्यात गाऊन रेकॉर्ड व्हायची, त्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर तानपुरा जवळजवळ नसतोच, आस तर खरखरीत बुडून जाते. सीडीला १६ बिटमुळे खरखरीपासून सगळ्यात मोठ्या आवाजापर्यंत साधारण ९६ डेसिबलची जागा मिळते, तेव्हा शेवटचा धागाही सापडतो. तानपुऱ्याची आस लांब असली की आवाज जवारीदार, असंही म्हणता येईल का?

मूळ लेखक :
नाही म्हणते आत्या, तिला विचारूनच लिहितोय. जवारी म्हणजे घोडीवर (तारा टेकतात ती पट्टी) तारेखाली सूत सरकवून जो झणकार काढतात तो, त्यातून वरचे सूर उमलतात. जवारी चांगली लागली की आस लांबल्यासारखी वाटते, पण दोन शब्द दोन गोष्टींचे, ती मिसळू देत नाही.

घुमारा, कोरडा, विरणं, सगळं वहीत लिहून घेतलं. झील राहू दे शाहिरांकडे. आता ‘क्लीन डीके’ उरलं. मी ‘आस निखळ आहे’ म्हणणार होतो, आत्याचं म्हणणं ‘आस मोकळी आहे’, कारण दाबलेली आस तिला लगेच टोचते. मला मोकळी म्हटलं की घुमल्यासारखं वाटतं. तबलेवाले काय म्हणतात, सांगा.