बिनचूकपणाचा हट्ट आणि आपण: विद्यार्थिनींचे अनुभव

सारे काही बिनचूकच व्हावे या हट्टापायी मनाचे नेमके काय होते, हे महाविद्यालयात शिकणाऱ्या मैत्रिणींनी लिहावे, असे आवाहन केले होते. ह्युइट आणि फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली या हट्टाचे तीन प्रकार सांगितले: स्वतः बिनचूक असावे असा, इतरांनी बिनचूक असावे असा, आणि ‘लोकांना मी निर्दोषच हवी आहे’ या समजुतीतून आलेला. इथल्या अनुभवांत तिसरा प्रकारच अधिक आढळतो.

रसायनशास्त्र, पदव्युत्तर
मला सगळे आळशी समजत. प्रकल्पाचा अहवाल लिहून तयार असे, परंतु प्रस्तावनेतील एखादे वाक्य खटकले की मी तो पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेई आणि मुदत टळून जाई. दिरंगाईमागे भीती असू शकते, हे शिक्षकांच्या लक्षात आले नाही. खरे तर माझ्याही आले नव्हते. अपुरे काम दिले तर ते काम नव्हे, मीच अपुरी ठरेन, असे वाटत राही. पुढे झोप उडाली, जेवण सुटले, तेव्हा समुपदेशक ताईंनी मला डॉक्टरांकडे पाठवले. औषधे आणि समुपदेशन दोन्ही लागले, आणि ते सांगण्यात मला संकोच वाटत नाही.

वाणिज्य, प्रथम वर्ष
चांगले गुण मिळाले की आनंद होत नाही, फक्त सुटल्यासारखे वाटते. तेही संध्याकाळपर्यंतच.

मानसशास्त्र, तृतीय वर्ष
मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांच्या मांडणीनुसार आत्मकरुणेत तीन गोष्टी येतात: स्वतःशी मायेने वागणे, चुका सर्वांच्याच होतात हे ओळखणे, आणि दुःख न दडपता किंवा न वाढवता त्याच्याकडे पाहणे. परीक्षेसाठी हे मी घोकले होते. मैत्रीण नापास झाली असती तर तिला काय म्हणाले असते, ते स्वतःला लिहायला सांगितले, तेव्हा मात्र पहिली ओळही सुचेना. लाड केले तर आपण ढिल्या पडू, ही माझी धास्ती होती. प्रत्यक्षात, स्वतःचीच बोलणी खाण्याची भीती कमी झाल्यावर मी चुकलेला पेपर उघडून पाहू लागले.

अभियांत्रिकी, अंतिम वर्ष
थोडा वेगळा सूर लावते. मुलींकडून गुणांखेरीज नीटनेटकेपणा, गोड स्वभाव आणि हसरा चेहराही अपेक्षिला जातो. त्यात आता ‘स्वतःवर प्रेम करा’ याची भर पडली आहे. मी तर त्याचाही तक्ता आखला होता आणि एखादा दिवस चुकला की स्वतःवर चिडत होते. तो तक्ता समुपदेशकांना दाखवला, तेव्हा त्या आणि मी दोघीही हसलो.